मोडीचा पेपर अभ्यासमंडळातून दोनदा परत आला. ही मंडळी नेमकं बघतात तरी काय?

दौतटाक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका स्वायत्त कॉलेजात इतिहास शिकवते. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, यंदा चौथं वर्ष.

गेलं वर्षभर शनिवारी दुपारी मोडीचा वर्ग फुकट घेत होते. अठराएक मुलं नेमाने यायची. एक जण आजोबांच्या पेटीतलं खरेदीखत घेऊन आला आणि तीन आठवड्यांत निम्मं वाचूनही दाखवलं. तेव्हा वाटलं, याचा रीतसर पेपरच का करू नये? म्हणून 'मोडी लिपी : वाचन व लिप्यंतर' असा २ क्रेडिट, ५० गुणांचा मसुदा केला. तिसऱ्या सेमिस्टरला, ओपन इलेक्टिव्ह म्हणून. सायन्स-कॉमर्सची मुलंही घेतील, संख्या भरेल, हा हिशोब.

अभ्यासमंडळाच्या, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाच्या, डिसेंबरच्या बैठकीत शेरा पडला, 'सुधारणांसह पुन्हा सादर करावा'. कोणत्या सुधारणा, ते इतिवृत्तात नाही. मार्चमध्ये परत ठेवला, तर तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात सगळ्यात शेवटी. तोवर बाहेरच्या सदस्यांचे टीए-डीएचे फॉर्म भरणं सुरू झालं होतं. विद्यापीठाकडून आलेल्या सदस्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही नसलात तर हा पेपर कोण शिकवणार?"

सीएचबीवाल्या माणसाला हा प्रश्न कसा लागतो ते सांगायला नको. मी बैठकीला निमंत्रित म्हणून बसले होते, बोलता आलं नाही. घरी येऊन मसुद्याची फाइल उघडलीसुद्धा नाही दहा दिवस.

जूनमध्ये ॲकॅडमिक कौन्सिल आहे, म्हणजे अभ्यासमंडळाच्या शिफारशींना मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या परिषदेची बैठक. त्याआधी अभ्यासमंडळाची आणखी एक बैठक होईल म्हणतात. तर विचारायचं हे की ही मंडळी खरंच काय तपासतात? विषय चांगला आहे हे सगळेच म्हणतात. मग अडतं कुठे?

खडूची भुकटी

मॅडम, मी निवृत्त. अकरा वर्षं अभ्यासमंडळाचा अध्यक्ष होतो, आधी संलग्न कॉलेजात असताना विद्यापीठाच्या मंडळावर आणि नंतर स्वायत्ततेत. म्हणजे तुमचे मसुदे परत पाठवणाऱ्यांतलाच.

तो प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला, पण मीसुद्धा तोच विचारला असता. का ते सांगतो. एका वर्षी आमच्या एका उत्साही सहकाऱ्याचा पर्यटनाचा पेपर आम्ही चहा संपायच्या आत मंजूर केला. माणूस भला, विषय आकर्षक, कोण नाही म्हणणार? जुलैमध्ये त्यांना दुसरीकडे कायम नोकरी लागली आणि ते गेले. यादीत बासष्ट मुलं, संदर्भग्रंथांत तीन पुस्तकं, त्यातली दोन फक्त त्यांच्या घरी. तो पेपर मी शिकवला. रात्री वाचायचं आणि सकाळी सांगायचं. त्या बासष्ट मुलांची मला अजून लाज वाटते. मंजुरी देताना मंडळ विषयाला देत नसतं हो, मसुद्याच्या कागदाला देतं. तो कागद वाचून अनोळखी माणसाला जुलैत वर्गात उभं राहता आलं पाहिजे आणि नोव्हेंबरात तिसऱ्याच कोणाला प्रश्नपत्रिका काढता आली पाहिजे.

म्हणून त्यांच्या प्रश्नाला कागदावर उत्तर द्या. दुसऱ्या शिक्षकाचं नाव लिहा. घटकाला किती तास, कोणती कागदपत्रं वाचून घ्यायची, त्यांच्या प्रती विभागात कुठे ठेवल्यात, तेही लिहा. परीक्षकांची नावंही मंडळच सुचवतं, तेव्हा मोडी येणारे दोन बाहेरचे परीक्षक आधीच शोधून ठेवा. ते नसतील तर पेपर मंजूर होऊनही परीक्षेला अडकेल.

आता बैठकीत कोणी बोलत नाही ती गोष्ट. वर्कलोड, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे तास. तुमचा पेपर आला की कोणाचा तरी जातो. तिसऱ्या सेमिस्टरला आज ओपन इलेक्टिव्ह कोण घेतं, ते बघा. ते गृहस्थ बैठकीत 'मोडी हा आपला वारसा आहे' म्हणतील आणि त्याच दमात 'पण थोडी घाई होतेय' असंही म्हणतील. त्यांच्याशी बैठकीआधी बोला, बैठकीत नको. मी अध्यक्ष असताना निम्मं काम स्टाफरूमच्या दारात उभं राहूनच व्हायचं.

आणि टोपली चुकलीय तुमची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या त्या टोपल्या, म्हणजे पेपरांचे गट, काढून बघा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेच्या मुलांसाठी. म्हणजे तुमचीच इतिहासाची मुलं, ज्यांना पेशवाई म्हणजे काय हे ठाऊक आहे, तीच बाहेर राहणार. आणि कॉमर्सच्या मुलाला तीस तासांत मुळाक्षरांपासून पत्रापर्यंत कसं नेणार? हा पेपर मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, जोडलेल्या व्हीएससीत टाका, व्यावसायिक कौशल्याच्या. १ क्रेडिट थिअरी म्हणजे १५ तास, १ प्रात्यक्षिक म्हणजे ३० तास. मोडी हाताने गिरवल्याशिवाय येत नाही, तेव्हा प्रात्यक्षिक हवंच. मात्र वीस-वीसच्या दोन तुकड्या झाल्या तर आठवड्याला १ अधिक ४, असे पाच तास लागतील. हा हिशोब मसुद्याला जोडा. प्राचार्य तेवढंच पान वाचतात.

कौन्सिलचं म्हणाल तर तिथे तुमचा अभ्यासक्रम कोणी वाचणार नाही. बाहेरचे तज्ज्ञ, विद्यापीठाचे तीन प्रतिनिधी, सगळे विभागप्रमुख, आणि एका दुपारी सगळ्या विभागांचे अभ्यासक्रम. सेमिस्टरची २२ क्रेडिट जुळतात का, गुणांची विभागणी नियमाप्रमाणे आहे का, अभ्यासमंडळाची शिफारस आहे का, एवढं पाहतात आणि पुढे जातात. नको वाटलं तर फेरविचाराला परत पाठवू शकतात किंवा फेटाळू शकतात, पण कारण द्यावं लागतं. तुम्हाला डिसेंबरात मिळालं तसं बिनकारणाचं 'सुधारणांसह' नाही चालत. तसं अभ्यासमंडळातही चालू देऊ नका. अध्यक्षांना भेटून सुधारणा लेखी मागा.

नव्या पेपरचं एवढ्यावर भागतं, कॉलेजातच. अख्खा नवा अभ्यासक्रम, पदवी वगैरे असती तर नियामक मंडळ, विद्यापीठ आणि यूजीसी कायद्याच्या कलम २२ खाली पदवीचं नाव बसतं की नाही, इथपर्यंत जावं लागलं असतं. संलग्न कॉलेजवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचं मंडळ ठरवणार, आणि नवीन काही सुरू करायचं तर बृहत् आराखडा, २०१६ च्या कायद्याचं कलम १०९, शासनाची परवानगी. तुम्ही सुखी आहात.

हॉलतिकीट

परीक्षा विभागात आहे, कॉलेज सांगत नाही. सर बोलले ते बरोबर, पण आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितो.

मोडीचा उतारा प्रश्नपत्रिकेत छापणार कसा? आमच्याकडे एका वर्षी पुरातत्त्वाच्या पेपरला शिलालेखाचा फोटो होता. झेरॉक्सला काळा ठोकळा आला. मुलांनी काळ्या ठोकळ्याचं वर्णन लिहिलं आणि पाच गुण सगळ्यांना द्यावे लागले. जुन्या कागदाची पार्श्वभूमी तपकिरी असते, ती मशीनवर तशीच काळी पडते. मोडीला युनिकोड २०१४ पासून आहे, पण आमच्या कॉम्प्युटरवर टाकलं की चौकोन दिसतात, आणि फॉन्टातली मोडी तरी कुठे हाताच्या मोडीसारखी दिसते? तेव्हा उतारा पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने हाताने उतरवून द्या, आणि आमच्याच मशीनवर एक प्रत आधी काढून बघा. 'परीक्षा पद्धती' या रकान्यात हे एक वाक्य टाका. सदस्य खूश होतात, यांनी विचार केलाय म्हणून.

दुसरं, मसुद्यात अंतर्गत २० आणि सत्रांत ३० लिहिलं असेल आणि नियमावलीत दुसरं काही असेल तर निकाल लागत नाही. सॉफ्टवेअर हट्टी आहे. कोर्स कोडही आमच्याकडूनच घ्या, स्वतः पाडू नका.

तिसरं, जुना पेपर बंद करून हा येणार असेल तर जुन्यात नापास झालेल्यांनी काय द्यायचं? समकक्षतेचा तक्ता. तो मंडळातच मंजूर करून घ्या. नंतर एटीकेटीची मुलं खिडकीशी उभी राहतात आणि शिव्या आम्ही खातो.

कोतवालबुक

ताई, मी एका कॉलेजच्या अभ्यासमंडळावर माजी विद्यार्थी म्हणून आहे आणि पोटापाण्याला मोडीचं लिप्यंतर करतो. पहिल्या दोन बैठकांत मी सही केली, वेफर्स खाल्ले आणि घरी आलो. अभ्यासक्रमाची प्रत टेबलावर बसल्यावर हातात मिळते, चाळीस पानं, काय बोलणार? म्हणून एक सांगतो, तुमचा मसुदा बाहेरच्या सदस्यांना पंधरा दिवस आधी पाठवा. फोन करा. लोक मदत करायला तयार असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

घटकांबद्दल माझं मत. बहुतेक मसुद्यांत शिवकालीन, मग पेशवेकालीन, मग आंग्लकालीन मोडी असा क्रम असतो. इतिहासाच्या पुस्तकाला तो शोभतो. शिकणाऱ्याला उलटा क्रम सोपा. इंग्रजी अमदानीतली मोडी सुटसुटीत, आणि लोकांना गरजही तिचीच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला लागले, तेव्हा माझ्याकडे जे लोक आले त्यांच्या हातात पेशव्यांची पत्रं नव्हती. गाव नमुना १४ च्या, जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या प्रती होत्या. तिथून सुरुवात करा, पत्रव्यवहारापर्यंत शेवटी जा.

आणि कालगणना घातलीय का? मुलं अक्षर वाचतात आणि तारखेशी थांबतात. 'छ' दिसला की पुढे अरबी महिन्यातला चंद्र, म्हणजे तारीख, आहे, हे कळायला हवं. शक, फसली, सुहूर यातलं कुठलं साल कुठलं, हे नाही आलं तर लिप्यंतर निम्मंच झालं. किमान चार तास त्याला द्या.

दौतटाक

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, कारण खरंच कामाला लागले होते.

पेपर व्हीएससीत हलवला, चौथ्या सेमिस्टरला. क्रम उलटा केला, कालगणनेला पाच तास दिले. खोटं कशाला बोलू, माझ्या पहिल्या मसुद्यात कालगणना नव्हतीच. परीक्षा विभागात जाऊन उताऱ्याची प्रत काढून बघितली. पहिली काळी आली, दुसरी बरी.

वर्कलोडचं सरांनी सांगितलं ते तंतोतंत खरं निघालं. ज्यांचा पेपर जाणार होता ते आमचे ज्येष्ठ सर, अनुदानित, निवृत्तीला सहा वर्षं. घाबरतच गेले त्यांच्याकडे. म्हटलं, दुसरा शिक्षक म्हणून तुमचं नाव लिहू का? ते म्हणाले, "मला कुठे येते मोडी?" मग जरा थांबून, "येईल तशी."

अभ्यासमंडळाने मे महिन्यात एकमताने शिफारस केली, या वेळी विषय क्रमांक ३ वर. विद्यापीठाच्या त्या सदस्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि सरांनी हात वर केला. कौन्सिलमध्ये आमच्या विभागाला सात मिनिटं मिळाली. मोडीबद्दल कोणी काही विचारलं नाही, फक्त एका पेपरच्या कोडमधला आकडा चुकलाय तो दुरुस्त करा म्हणाले. इतिवृत्तात 'मंजूर' आलं.

सर आता रोज साडेदहाला स्टाफरूममध्ये वही घेऊन बसतात. आधी पानभर रेघा ओढून घेतात, मग एकेक अक्षर खाली लटकवतात. काल 'श्री'शी अर्धा तास झगडत होते.

सीएचबीच्या मुलाखती पुढच्या आठवड्यात आहेत.