सी विंग (फक्त कामाचे मेसेज)

वृषाली ३०४: काल रात्री दीडला अँब्युलन्स आली ती गेटबाहेरच उभी, कारण गेटसमोर नेहमीचीच गाडी. नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीये. हे पोट धरून गेटपर्यंत चालत गेले. सोसायटीच्या वार्षिक सभेला हेच बोलले होते तर ताई तुम्ही उगाच इमोशनल होता म्हणे

सावंत १०२: गाडीचं नंतर बघू वहिनी. दादा कसे आहेत? हार्ट का?

वृषाली ३०४: ईसीजी नॉर्मल आहे. पित्ताशयाला सूज, खडा तोंडाशी अडकलाय. परवा कोजागरीचं दूध पिऊन खाली आलो आणि तासाभरात उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं ते पार खांद्यापर्यंत. ॲसिडिटी आहे म्हणत हे इनो घेत बसले. काल उलट्या आणि थंडी वाजून ताप

नीता ४०२: एक क्लिअर करते. दूध फ्रेश होतं, सगळ्या विंगने प्यायलं, कोणाला काही झालं नाही. कमिटीवर ढकलू नका प्लीज

वृषाली ३०४: नीताताई मी दुधाला नावं ठेवली का??

परांजपे काका: फॉरवर्डेड: ऑपरेशनची घाई नको!! ५ दिवस सफरचंदाचा रस, मग रात्री ऑलिव्ह ऑइल + लिंबू. सकाळी हिरवे खडे पडतात. माझ्या साडूंचे पडले.

डॉ. स्नेहल ५०१: काका ते खडे नसतात हो, तेलाचे पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात. आणि नीताताई, खडे एका रात्रीत होत नाहीत, ते आधीपासूनच असणार. मलईचं काही पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, खडा तोंडाशी बसला की पित्त आतच तुंबतं, मग सूज, त्यात जंतू वाढतात. आता वरून तेल पाजलं तर कळ वाढेलच. वहिनी सोनोग्राफीत काय आलं?

वृषाली ३०४: खडे आहेत, पित्ताशयाची भिंत सुजून ६ एमएम जाड, बाजूला पाणी. डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून श्वास घ्या म्हटलं तर अर्ध्यातच अडकला, ओरडलेच हे. तोंडाने काही नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक चालू. उद्या दुर्बिणीने पित्ताशयच काढू म्हणतात. दीर म्हणतात सूज उतरू दे, दीड महिन्याने करा. शुगर पण आहे ना यांना

परांजपे काका: दीर बरोबर बोलतात. वरचा मेसेज वाचावा.

डॉ. स्नेहल ५०१: पूर्वी थांबायचे खरं. आता पेशंट झेपणारा असेल तर शक्यतो ७२ तासांत, फार तर आठवडाभरात उरकतात, कारण त्या दीड महिन्यात परत अटॅक येऊ शकतो. शुगर असेल तर पित्ताशय सडायची, फुटायची भीती जास्त. बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) तेवढं विचारा, पित्ताच्या मोठ्या नळीत खडा गेला असेल तर कावीळ होते आणि तो एंडोस्कोपीने वेगळा काढावा लागतो. बाकी तुमचे सर्जन सांगतील तेच

सावंत १०२: पण पित्ताशयच काढलं तर पचणार कसं? आमचं तर सगळं पित्तावरच चाललंय 😄

डॉ. स्नेहल ५०१: पित्त लिव्हर बनवतं, हे नुसतं साठवून ठेवतं. नंतर थेट आतड्यात उतरतं, थोडे दिवस जुलाब होतात काहींना

देशपांडे आजोबा: १९९० साली आपल्या मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात डॉ. उडवाडियांनी ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया देशात पहिल्यांदा केली. त्याआधी आमच्या आईचं वीतभर पोट फाडलं होतं. घाबरू नका सूनबाई.

राजेश २०१: नाव न घेता आरोप करणाऱ्यांनी सांगावं, माझा स्लॉट लीकेजमुळे वर्षभर बंद आहे तर गाडी डोक्यावर ठेवू का?

सेक्रेटरी: सदस्यांनी पार्किंगबाबत लेखी अर्ज द्यावा. ग्रुप फक्त कामासाठी आहे. वहिनी, काळजी घ्या.

परांजपे काका: फॉरवर्डेड: ऑपरेशनची घाई नको!! ५ दिवस सफरचंदाचा रस...

नीता ४०२: काका 🙏 वहिनी घरी आलात की डबा माझ्याकडून, मऊ वरणभात. तूप नाही घालत

वृषाली ३०४: थँक्यू नीताताई. बिलिरुबिन नॉर्मल आलं, उद्या सकाळी पहिलीच केस आहे. आणि काका तो मेसेज यांना पर्सनलवर पाठवू नका प्लीज, बेडवर पडून ऑलिव्ह ऑइलचे भाव बघतायत