सोसायटीत हॉगवर्ट्स थीम नको म्हणे! रोलिंगबाईंच्या भांडणात आमची पोरं कशाला?

घोडबंदरी
आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मुलांच्या गॅदरिंगला यंदा हॉगवर्ट्स, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या जादूच्या शाळेची थीम ठरली. जांभळी नाक्यावरून काळं कापड आणून डगले शिवायला टाकले, पुठ्ठ्याचा किल्ला अर्धा रंगवून पार्किंगमध्ये उभा आहे, आणि परवा रात्री ग्रुपवर एका कॉलेजातल्या मुलीचा हा लांबलचक मेसेज, की हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग ट्रान्स (जन्माच्या लिंगापेक्षा वेगळी ओळख मानणाऱ्या) लोकांच्या विरोधात बोलते, ही थीम म्हणजे तिला पाठिंबा, बदला. दुसरीतल्या पोरांना रोलिंग कोण हेही माहीत नाही हो!

बहिष्कार टाका ना, पण नेम तरी नीट धरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉगवर्ट्स लेगसी हा व्हिडिओ गेम आला तेव्हा कोण तो नेटवर लाइव्ह खेळतंय ते शोधून देणारी साइट निघाली होती. एका जोडप्याला चॅटमध्ये लोकांनी इतकं झोडपलं की त्यातली बाई कॅमेऱ्यासमोर रडली. आणि गेम? दोन आठवड्यांत १ कोटी २० लाख कॉप्या, ८५ कोटी डॉलर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

पामबीच_पोरगी
काका, त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. गेम बनवण्यात रोलिंगचा थेट हात नव्हता हे कंपनीनेच सांगितलेलं, मान्य. पण गोष्टीतलं जग तिचं, म्हणजे कमाईत वाटा तिचा. आता तो पैसा जातो कुठे ते बघा. २०२४ मध्ये तिने फॉर विमेन स्कॉटलंड या संघटनेला कोर्टाच्या खर्चासाठी ७०,००० पौंड दिले. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने त्याच केसमध्ये सांगितलं की समानता कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. पुढच्याच महिन्यात असल्या केसेससाठी तिने स्वतःच्या पैशांचा फंड काढला. हे नुसते ट्विट्स असते तर मी पण दुर्लक्ष केलं असतं.

नौपाडा_वकील
अर्धवट सांगू नका. त्याच निकालात ट्रान्स लोकांना भेदभावापासूनचं संरक्षण कायम आहे असंही लिहिलंय. आणि रोलिंगचा जून २०२० चा लेख किती जणांनी वाचलाय इथे? स्वतःवर झालेल्या घरगुती हिंसाचाराबद्दल लिहून ती म्हणते की फक्त बायकांसाठी असलेल्या जागा तशाच राहाव्यात. पटो न पटो, यात गुन्हा काय? लोकलच्या लेडीज डब्यात चुकून पुरुष चढला तर तुम्हीच आरडाओरडा करता ना?

पामबीच_पोरगी
@नौपाडा_वकील लेख वाचलाय, पूर्ण. आणि त्याच लोकलमध्ये, नाहीतर तीन हात नाक्याच्या सिग्नलला, तृतीयपंथी दिसले की आपण काच वर करतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) केसच्या निकालात स्वतःचं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला. एवढी वर्षं झाली तरी त्यांना ठाण्यात भाड्याने खोली मिळवताना काय होतं ते विचारा कधी. त्यामुळे "तिकडचं भांडण" वगैरे म्हणू नका.

कळवा_स्लो
मला गंमत वाटते ती वेगळीच. आपल्याकडे बहिष्कार म्हटला की आधी पोस्टर फाडतात मग थिएटरची काच फुटते, आणि त्याला कोणी हू का चू करत नाही. इथे एका पोरीने मेसेज टाकला तर अख्खी कमिटी हादरली. विनंती केली, नाही पटली तर नाही म्हणा, विषय संपला.

घोडबंदरी
@कळवा_स्लो विनंतीपर्यंत ठीकच होतं हो. चौथ्या मेसेजला ज्या आया डगले शिवतायत त्यांना ट्रान्सविरोधी म्हणून ती मुलगी मोकळी झाली. त्यातली एक तर वडापाव विकून घर चालवते, तिने काय घोडं मारलंय?
आणि हॅरी पॉटरच्या नवीन मालिकेचं काय करणार? एचबीओ या अमेरिकन चॅनेलच्या त्या मालिकेत स्नेप मास्तर करणारा नट पापा एसिएदू, त्याने ब्रिटनच्या त्या निकालानंतर ट्रान्स लोकांच्या बाजूच्या खुल्या पत्रावर सही केली. रोलिंग म्हणाली, त्याला काढायचा अधिकार मला नाही आणि असता तरी वापरला नसता. मग बहिष्कारात हाही गेला की! जो तुमच्या बाजूने उभा राहिला त्याचंच काम पाडायचं?

पामबीच_पोरगी
हा मुद्दा चांगलाय, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण मालिकेची ती एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आहे, म्हणजे पैसा परत तिथेच. मी बघणार नाही, त्याचं दुसरं काम बघेन. शिवीगाळ करणाऱ्यांची बाजू मी घेतलेली नाही, तो लाइव्हचा प्रकार घाणेरडाच होता. आयांना बोलली तेही चुकलंच तिचं.

कळवा_स्लो
मग हिशोब सोपाय. कापड जांभळी नाक्याचं, किल्ला पुठ्ठ्याचा, म्हणजे रोलिंगबाईंना दमडी जात नाही. पामबीचताईंच्या नियमाने थीम चालायला हरकत नाही. त्या मुलीला पण हेच सांगा ग्रुपवर.

पामबीच_पोरगी
हो, घरचं सगळं असेल तर माझी खरंच हरकत नाही. फक्त कंपनीचा ओरिजिनल माल नको.

घोडबंदरी
बक्षिसाला जादूच्या ओरिजिनल कांड्या मागवल्यात. वीस. दुकानदार परत घेत नाहीये.