प्रेसमडचा गॅस करायचा की ते शेतातच जाऊ द्यायचं?
(कंडेन्सेट, खोडवा आणि शेणकाला या तीन टोपणनावांतली चर्चा)

कंडेन्सेट
देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. इकडे साखर कारखान्यांच्या मागे प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस साफ करताना निघणाऱ्या गाळाचे, ढीग वाफाळतायत. गाळपाच्या ४ टक्के धरा, म्हणजे रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात २०० टन. २५ टनांमागे १ टन गॅस धरला, तर दिवसाला ८ टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस. २०२५-२६ पासून सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के सीबीजी बंधनकारक. गिऱ्हाईक ठरलेलं आहे, मग अडलंय कुठे?

खोडवा
हंगामात. १२० दिवसांचं गाळप म्हणजे २४,००० टन प्रेसमड, ९६० टन गॅस. वर्षावर पसरला तर दिवसाला ३ टनसुद्धा नाही. ८ टनांचा प्लांट बांधलात तर आठ महिने रिकामा, ३ टनांचा बांधलात तर माल साठवा. आणि उघड्या ढिगातून निघते ती वाफ म्हणजे तुमचाच गॅस चाललाय. हवेवर जगणारे जंतू तेच सेंद्रिय खातात.

कंडेन्सेट
ढीग उघडा ठेवायचाच कशाला? मुरघास करतात तसे थर द्या, ट्रॅक्टरने दाबा, वर जाड प्लॅस्टिक, कडांना माती. हवा तोडली की नासाडी बरीच थांबते.

शेणकाला
साठवणुकीपेक्षा गंधकाचं बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रस गंधकाच्या धुरीने साफ करतात. त्यातलं बरंचसं प्रेसमडमध्ये उतरतं. डायजेस्टरात, म्हणजे गॅस तयार होतो त्या हवाबंद टाकीत, सल्फेटवर जगणारे जंतू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सीबीजीत एकूण गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे ते पकडायला आत फेरिक क्लोराइड, बाहेर लोह ऑक्साइडचा स्क्रबर (गॅस धुणारं यंत्र), आणि दोन्हींचा खर्च कायमचा.
शिवाय माती-वाळू तळाशी बसते, मेणाची साय वर धरते. ढवळणी कमी पडली की टाकीची कामाची जागा दर महिन्याला आकसते.
आणि सामूवर (pH) विसंबू नका. प्रेसमडमध्ये चुना असतो, त्यामुळे आत आम्लं साचली तरी सामू ७ च्या वर दिसत राहतो. तो घसरेपर्यंत उशीर झालेला असतो. आठवड्यातून दोनदा आम्ल-क्षारता गुणोत्तर, म्हणजे साचलेली आम्लं भागिले त्यांना पेलणारी क्षारता, काढा. ०.३ च्या आसपास असेल तर चालू द्या, ०.५ ओलांडलं की फीड (आत टाकायचा माल) बंद, ढवळणी चालू. गॅस कमी झाला म्हणून फीड वाढवणं हीच नेहमीची चूक.

खोडवा
एवढं करून जमिनीच्या तोंडचा कार्बन जाळायचा! ऊसपट्ट्यातल्या जमिनी आधीच थकल्यात.

कंडेन्सेट
कंपोस्ट केलंत तरी कार्बनचा मोठा भाग हवेतच जातो, फक्त त्यावर कोणाची गाडी चालत नाही. नत्र, स्फुरद, पालाश डायजेस्टरमधून तसेच बाहेर येतात. बाहेर येणाऱ्या घट्ट आणि पातळ खताला टनामागे १,५०० रुपये सरकारी साहाय्यही २०२५-२६ पर्यंत जाहीर झालं होतं.

खोडवा
घट्ट खताचं ठीक. पण डायजेस्टरमधला रबडा पिळणाऱ्या स्क्रू प्रेसमधून निघणाऱ्या पाण्याचं काय? त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. टँकर फार लांब गेला की डिझेल त्यातल्या पालाशापेक्षा महाग पडतं. ते पाणी परत फीड कालवायला घेतलंत, तर अमोनिया आणि क्षार साचतात.

शेणकाला
थोडं परत घ्या, बाकी कारखान्याजवळच्या उसाला पाटाच्या पाण्यातून द्या. पण ते शेतकरी करारात आधी बांधा, प्लांट नंतर.