एकदा मागून गप्प बसायचं, की मागतच राहायचं?

रेल्वेलाईन्सची_लेक

सलाम मंडळी. गेल्या शुक्रवारी आमच्या घरगुती प्रार्थनासभेत जे झालं त्यानंतर आई दोन दिवस धड जेवलेली नाही. म्हणून हा धागा.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं दारूत बुडालेला आहे. आधी टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, आता कुठेच नाही. आई रोज पहाटे चारला उठून त्याच्यासाठी प्रार्थना करते. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी नेमकं त्याच वेळी सुटतं. मग ती घागर नळाखाली लावून तिथेच ओट्याला टेकून डोळे मिटते. अकरा वर्षांत एक पहाट चुकलेली मी पाहिली नाही.

शुक्रवारी तिने नेहमीप्रमाणे विनंती दिली. बाहेरगावाहून आलेले एक बंधू उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, किती वर्षं हीच विनंती देणार? एकदा देवाच्या हातात दिलं की परत काढून घ्यायचं नसतं. रोज तेच मागणं म्हणजे त्याने ऐकलंच नाही असं म्हणणं. हा अविश्वास आहे." दोघा-तिघांनी आमेनही म्हटलं. घरी येताना रिक्षात आई मला विचारते, "म्हणजे माझ्यामुळेच अडलंय की काय गं?"

माझं मत स्पष्ट सांगते. आईला हे सांगणं चूक होतं, आणि वचनाला धरूनही नव्हतं. बायबलात लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातली न्याय मागणारी विधवा आणि अन्यायी न्यायाधीश यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो दाखला कशासाठी सांगितला, हे लूक पहिल्याच ओळीत लिहितो: सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये. त्या विधवेकडे द्यायला पैसा नाही, वशिला नाही, बाजूने बोलायला घरात पुरुष नाही. तिच्याजवळ हेलपाटे घालणं एवढंच आहे. कचेरीत दाखल्यासाठी ज्याने खेटे घातलेत त्याला ती बाई लगेच ओळखता येईल. आणि देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं येशू म्हणत नाही. असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर बाप का ऐकणार नाही, असं तो विचारतो. येशूने जिला आदर्श म्हणून पुढे केलं, तिच्यासारखं वागणाऱ्या माझ्या आईला अविश्वासी कसं म्हणायचं?

विश्वासाने_उभा

ताई, सलाम. तुमच्या आईंना सभेत असं बोलायला नको होतं, ते एकट्यात बोलायचं होतं. पण त्या बंधूंचा मुद्दा चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

मार्क ११:२४ वाचा. जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते तुम्हाला मिळेल. 'मिळालंच आहे' असं म्हटलंय. ज्याला मिळालं आहे तो पुन्हा मागत नाही, आभार मानतो. डोंगरावरच्या प्रवचनातही प्रभू सांगतो की विदेशी लोकांसारखी व्यर्थ बडबड करू नका, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे.

मी स्वतःच्या अनुभवाने बोलतो आहे. नोकरीसाठी मी कित्येक महिने रोज रडून मागायचो. प्रार्थनेला बसताना जेवढा घाबरलेला असायचो त्याहून जास्त घाबरून उठायचो. ती प्रार्थना नव्हती, गुडघे टेकून केलेली काळजी होती. एके दिवशी ठरवलं की आजपासून मागणं बंद, फक्त आभार. नोकरी त्यानंतरही लगेच लागली नाही, पण मला झोप लागायला लागली. शेतात बी पेरलं की कुणी रोज उकरून बघत नाही. आईंनी पहाटे उठणं सोडू नये. तोच वेळ स्तुतीला द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

रेल्वेलाईन्सची_लेक

काळजीचं म्हणालात ते मला पटतं. तसं होतं, माझंही झालंय.

पण गेथशेमाने बागेत येशूने काय केलं? मत्तय २६:४४ मध्ये अगदी स्वच्छ लिहिलंय की त्याने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द! त्याचा विश्वास कमी पडला होता का? एलीया संदेष्ट्याकडे बघा. पाऊस पाडतो असं देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. वचन हातात असूनही तो कर्मेल डोंगरावर डोकं गुडघ्यांत घालून बसला आणि चाकराला समुद्राकडे बघायला सात वेळा पाठवलं. सहा वेळा चाकर येऊन म्हणाला, काही नाही. सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला. तुमच्या हिशोबाने दुसऱ्यांदा पाठवलं तिथेच तो अविश्वासी ठरायला हवा होता.

आणि आभारांचं म्हणाल तर आई ते रोजच मानते. भाऊ रात्री गटारीत न पडता घरी आला याचेसुद्धा.

मोहोळचा_शेतकरी

मी जास्त लिहिणारा माणूस नाही. वर बी उकरण्याचं आलं म्हणून लिहितो. बी कोणी उकरत नाही हे खरं, पण पेरून घरीही कोणी बसत नाही. आमची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसावर पेरायची, नंतर वरून थेंब मिळेल याची खात्री नाही. थंडीभर ती जमिनीतल्या ओलीवर उभी राहते. म्हणून आम्ही कोळपतो, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवतो. कोळपलं की काळ्या रानाच्या भेगा बुजतात, ओल उडून जात नाही. एक कोळपणी अर्धं पाणी, अशी म्हणच आहे. कोळप्याने पाऊस पडत नाही, पण आहे ती ओल टिकते. माउलींची पहाटेची प्रार्थना मला तशी वाटते. त्यांनीच ती सोडली तर त्या घरात काय राहील?

जुन्या_गिरणीतला

वय ७१. वडील आणि मी, दोघांनी एकाच गिरणीत हयात घालवली. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही बारा-पंधरा ख्रिस्ती कामगार दर शुक्रवारी उपवास करून प्रार्थनेला जमायचो. भोंगा पुन्हा वाजू दे, एवढंच मागणं. सतत तीन वर्षं. भोंगा वाजला नाही.

ते दुःख आता राहिलेलं नाही. दुःख वेगळं आहे. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याच महिन्यात गाडा घेतला आणि भाजी विकायला लागला. आम्ही त्याला कमी विश्वासाचा म्हणालो. मी मात्र प्रार्थना करत होतो म्हणून थांबलो. कुठे दुसरीकडे काम धरलं तर देवावर भरवसा नाही असं होईल, असं मनात होतं. त्या तीन वर्षांत माझी बायको दिवसाला हजार हजार विड्या वळत होती. तिची बोटं मी बघत होतो आणि उपवास करत होतो.

म्हणून माझं मत या ताईच्या विरुद्ध आहे. कधी कधी उत्तर आलेलं असतं आणि ते 'नाही' असतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं उत्तर आलं, तो थांबला. दावीद राजा आजारी बाळासाठी सात दिवस जमिनीवर पडून होता. बाळ गेल्यावर उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, जेवला. 'नाही' ऐकायलाही विश्वास लागतो. लूक १८ वाचून माणूस कितीही वर्षं कान बंद ठेवू शकतो. मी ठेवले.

रविवारशाळेच्या_बाई

आप्पा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुमच्या पत्नीच्या बोटांबद्दल वाचून डोळे भरले. पण दाखले दिलेत त्यांवर थोडं बोलू द्या.

दावीद उठला तो बाळ गेल्यावर. त्याआधी एक दिवसही नाही, आणि तेही नाथान संदेष्ट्याने मूल मरणार असं स्पष्ट सांगितलेलं असताना! 'देव कदाचित दया करील, कोण जाणे' असं तो स्वतः म्हणतो. या ताईंचा भाऊ जिवंत आहे. पौल थांबला कारण त्याला उत्तर शब्दांत मिळालं. तुम्हाला गिरणीचं उत्तर दिसत होतं, दाराला कुलूप होतं. या आईला अजून काहीच दिसलेलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. म्हणून तुमचा अनुभव खरा असला तरी तो या घरावर बसत नाही असं मला वाटतं.

मला इथे चौथ्या शतकातल्या संत ऑगस्तीनची आई मोनिका आठवते. मुलासाठी तिने कित्येक वर्षं रडून प्रार्थना केली. ऑगस्तीन कार्थेजहून रोमला निघाला तेव्हा तो जाऊ नये म्हणून ती किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर विनवत बसली होती, आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजावर चढला. त्या रात्रीचं तिचं मागणं साफ नाकारलं गेलं. पण त्या प्रवासामुळेच तो पुढे मिलानला पोहोचला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले, आणि ३८७ साली त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका त्याच वर्षी वारली. ती रात्र 'नाही' समजून तिने सगळंच सोडलं असतं तर? रात्रीचं मागणं वेगळं होतं आणि वर्षांचं वेगळं. आप्पा, मला वाटतं तुम्ही गिरणी मागत होता आणि त्याच्या आत घराची भाकरी मागत होता. भाकरी तुमच्या घरी आली, पण ती पत्नीच्या हातून.

जुन्या_गिरणीतला

बाई, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. तिला हे मी कधी सांगितलं नाही.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. प्रार्थना करा, पण प्रार्थना करतोय म्हणून बाकीचं थांबवू नका.

थांबलेली

मी चार वर्षांपूर्वी प्रार्थना थांबवली. का ते सांगते.

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अडीच वर्षं. याकोबाच्या पत्रात लिहिलंय तसं मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करवली. उपवास केले. लोक साक्ष द्यायला उभे राहायचे, अमक्याची गाठ विरघळली, तमक्याचं कर्ज फिटलं. मी टाळ्या वाजवायचे. ते गेल्यावर मातीच्या तिसऱ्या दिवशी एक भगिनी मला म्हणाल्या, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल."

विश्वासाने_उभा, तुम्ही चांगल्या मनाने लिहिता हे दिसतंय. पण 'मिळालंच आहे असं धरा' या शिकवणीचं दुसरं टोक माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं. मिळालं तर देवाने दिलं, नाही मिळालं तर तुझ्यामुळे. या ताईंच्या आईला रिक्षात तेच वाटलं. आणि रेल्वेलाईन्सची लेक, तुम्हालाही एक विचारते. मागत राहा, मागत राहा असं म्हणताना, ज्यांनी मागून मागून शेवटी माती दिली त्यांना तुम्ही काय सांगणार?

रेल्वेलाईन्सची_लेक

माझ्याकडे याचं उत्तर नाही. मनापासून सांगते, नाही.

रविवारशाळेच्या_बाई

बहिणी, मीही उत्तर देत नाही. फक्त दोन गोष्टी.

विश्वास भरपूर असला की मागितलेलं मिळतं, असं ज्या तुम्हाला म्हणाल्या त्यांनी पुण्याच्या गाडीत बसल्यावर केडगाव स्टेशनला उतरून बघावं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या शेकडो मुली या बाईने प्रार्थनेच्या बळावर सांभाळल्या. मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणायला बसली. तिची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, आणि पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. त्यांचा विश्वास कुठे कमी पडला होता ते मला कुणी दाखवावं.

दुसरं, स्तोत्र ८८. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. मी हे वर्गात मुद्दाम वाचून घेते, कारण ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. तुमची चार वर्षं त्या स्तोत्रात बसतात. तुम्ही थांबलात असं तुम्ही म्हणता, आणि आज इथे देवाविषयी एवढं रागावून लिहिलंत.

विश्वासाने_उभा

थांबलेली ताई, मातीच्या तिसऱ्या दिवशी तुम्हाला जे ऐकावं लागलं त्याची मला लाज वाटते. अशा सभांत मीही आमेन म्हणत आलो आहे. मार्क ११ वर माझा विश्वास आजही आहे, तो मी मागे घेत नाही. पण ते वचन दुसऱ्याच्या दुःखावर लावायचं नसतं, स्वतःच्या मागण्यावर लावायचं असतं, हे मी नीट शिकलो नव्हतो.

थांबलेली

ठीक आहे. वाचलं.

रात्रपाळीची_सिस्टर

सोळा वर्षं नर्स आहे, पुरुष वॉर्ड. धाग्यात वचनांची चर्चा चालू आहे, मला भावाबद्दल बोलायचंय.

ताई, अकरा वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद करू नका. घरात कोंडून उपवास-प्रार्थनेला बसवलेले पेशंट आमच्याकडे आकडी येऊन दाखल झालेले मी पाहिलेत. दारू तुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, झटके येणं, सगळं होऊ शकतं आणि जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं देऊन करायचं असतं. बी-वन जीवनसत्त्वाची सुई लागते, ती सुरुवातीला फार महत्त्वाची. दारू सुटल्यावर ती सुटलेली राहावी म्हणून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा असतात, पैसे लागत नाहीत. आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन असतं, तिथे आई गेली तरी चालेल, भाऊ तयार नसला तरी.

मी स्वतः प्रार्थना करणारी बाई आहे. राउंड सुरू करायच्या आधी रोज करते. गिरणीवाल्या आप्पांचं शेवटचं वाक्य मात्र मला सगळ्यांत जास्त पटलं.

रेल्वेलाईन्सची_लेक

सिस्टर, मनापासून आभार. आकडीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याला तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला न्यायचं ठरत होतं.

काल रात्री हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. कोळपणीचं ऐकून ती हसली, तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं आहे. थांबलेली ताईंचं ऐकून बराच वेळ गप्प बसली, मग त्यांचं नाव विचारलं. मला ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाली, "राहू दे, देवाला ठाऊक आहे की." आज पहाटे चारला उठली होती. पाणी नव्हतं आज.

भावाशी सकाळी बोलले, शुद्धीत होता तेव्हा. दवाखान्यात येतो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. सिस्टर, तो तयार झालाच तर कधी आणि कसं आणू?

रात्रपाळीची_सिस्टर

सोमवारी आणा. केस पेपर सकाळी नऊच्या आत काढा, नंतर फार रांग लागते. आधार कार्ड बरोबर घ्या. शेवटची दारू किती वाजता घेतली ते डॉक्टरांना खरं सांगायचं, लपवायचं नाही. आदल्या दिवशी स्वतःहून बंद करू देऊ नका. आणि उपाशीपोटी आणू नका, काहीतरी खाऊ घालूनच आणा.