फोर बाय फोरचा दिवा विझत नाही, फोर-लोही लागलं नाही. तातडीने मदत हवी

घोडबंदरकर:
काल मुरबाडला शेतावर गाडी रुतली. फोर-हायवर (चारही चाकांना ओढ) चाकं जागीच फिरत होती. फोर-लो टाकलं तर दिवा नुसता लुकलुकत राहिला, शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. तशीच ठाण्याला आणली. आता पार्किंगमध्ये वळवताना गाडी धरून ठेवल्यासारखी होते, खालून कट्ट आवाज येतो. टू-हाय (दोनच चाकांना ओढ) केलं तरी दिवा लुकलुकतोच. गॅरेजवाला म्हणतो, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) खोलावी लागेल. शनिवारी कलमं न्यायची आहेत. खोलू देऊ का? आणि हाय-लोमध्ये नेमका फरक काय?

बेलापूरचा_डोंगर:
गाडी कुठली? फोर बाय फोर लावायला दांडा आहे की बटण? मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

घोडबंदरकर:
डबल कॅब पिकअप, मॅन्युअल, गोल बटण. लवकर सांगा, गॅरेजवाल्याचा फोन येतोय.

जुनी_जिप्सी:
चिखलात आधी टायरची हवा उतरवा. मी उरणला खाजणाच्या कडेने २० पीएसआयवर कितीदा गाडी काढली आहे. फोर-लोची गरजच पडत नाही.

बेलापूरचा_डोंगर:
काका, गाडी आता पार्किंगमध्ये आहे हो. घोडबंदरकर, "तशीच आणली" म्हणजे फोर-हायवर?

घोडबंदरकर:
हो, घाईत राहून गेलं. रस्ता तर चांगला होता.

बेलापूरचा_डोंगर:
चांगला होता म्हणूनच झालं. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक सोडून देतं, कोरड्या डांबरावर घसरत नाही. मग शाफ्टला पीळ बसतो आणि आतले दाते सुटत नाहीत. दिवा त्यामुळेच लुकलुकतोय. काही खोलू नका. मोकळ्या जागी जा, टू-हायवर ठेवा आणि स्टिअरिंग सरळ धरून थोडी रिव्हर्स घ्या.

फोर-लो टाकताना गाडी गिअरमध्ये होती ना?

घोडबंदरकर:
हो, पहिल्या गिअरमध्ये, रेस देतच बटण फिरवलं.

बेलापूरचा_डोंगर:
तसं लागणारच नाही. गाडी पूर्ण थांबवायची, न्यूट्रल, क्लच दाबायचा, मग बटण. दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

फरक असा: दोन्हीत चारही चाकं ओढतात. लोमध्ये ट्रान्सफर केसमधला आणखी एक गिअर मध्ये येतो. टोयोटा हायलक्समध्ये तो २.५६६ आहे. ज्या आरपीएमला हायमध्ये पहिल्या गिअरला १५ चा वेग मिळतो, तिथे लोमध्ये ६ च्या आसपास मिळेल, पण चाकावर जोर अडीच पट. चढ, दगड, जड ओझं, यासाठी लो.

पनवेल_ते_पोलादपूर:
म्हणून चिखलात लो नकोच. एवढा जोर आला की चाक आणखी खड्डा करतं.

जुनी_जिप्सी:
पहिल्या गिअरला करेल. लोमध्ये दुसरा-तिसरा टाकून हलक्या पायाने घ्या ना. हायवर क्लच जाळण्यापेक्षा बरं.

पनवेल_ते_पोलादपूर:
खोल चिखलात वेग लागतोच, माझं मत बदलणार नाही.

घोडबंदरकर:
मैदानात नेऊन वीसेक फूट सरळ रिव्हर्स घेतली. खट्ट झालं आणि दिवा विझला! न्यूट्रलला उभी करून फोर-लोही टाकून पाहिलं, लगेच लागलं. गॅरेजवाल्याला "खोलू नका" असं कळवलंय. डोंगर, फार मोठा खर्च वाचवलात, मनापासून आभार.

जुनी_जिप्सी:
कलमं कसली? केशर आंबा असेल तर दहा बाय दहा मीटरवर खड्डे घ्या.