कोणत्या गाण्याला कोणते इअरफोन? तुमचे अनुभव लिहा

रामबाग, इंदूर
आमच्या घरी इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब म्हणजे रोजचं गाणं. दिवाळीत नवे ब्लूटूथ इअरफोन घेतले. सिनेमाची गाणी त्यात झकास वाजली. मग खाँसाहेबांचा मारवा राग लावला आणि मन खट्टू झालं. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, आवाज फुगलेला, डग्ग्याची घुमक सगळीकडे पसरलेली आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, जवळजवळ गायब. धाकट्या भावाचे जुने वायरचे इअरफोन लावले. ठोका कमी, पण झुमरा तालाच्या दोन मात्रांमधली मोकळी जागा ऐकू आली. अतिविलंबित लयीत १४ मात्रांचं आवर्तन चाललेलं असताना तीच तर ऐकायची असते!

तुम्ही काय ऐकता, कशावर ऐकता? तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

सुदामानगर
ताई, माझं नेमकं उलटं. मी तबला शिकतो. बायावरचा (डग्ग्यावरचा) घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला आवाज, कुठून कुठे गेला हे कळलं नाही तर ऐकून उपयोग काय? मला खालचे स्वर भरपूर लागतात. फक्त चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ टोचायला नको. पण ब्लूटूथ रियाझाला नाही. त्यावर लेहरा (तबल्याच्या साथीला सतत वाजणारी धून) ऐकत वाजवलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि नंतर लेहऱ्यावर बसवून पाहिलं, तर प्रत्येक बोल मागे. गुरुजींना ऐकवायच्या आधी लक्षात आलं हे नशीब. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत क्षणभर उशिरा पोचतो. वायर लावली, सम जुळली.

लोकमान्यनगर
वय ७४. मी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची नाट्यपदं ऐकतो, आता फोनवर. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात गायक सगळं ओतून मोकळा होतो, म्हणून एकही हरकत निसटलेली मला चालत नाही. नातवाने दिलेल्या इअरफोनमध्ये खरखर पुढे आणि गाणं मागे. त्यानेच फोनच्या इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची सोय) वरच्या स्वरांची पट्टी खाली ओढून दिली. खरखर निवली. थोडी धारही गेली, पण शब्द स्वच्छ आले.

भंवरकुआँ
सिटी बसमध्ये मेटल (दणदणीत रॉक संगीत) ऐकतो. बेसच नाही म्हणून इअरफोन परत करायला गेलो होतो. दुकानदारकाकांनी मोठ्या मापाच्या रबरी टोप्या बसवून दिल्या. कान नीट बंद झाला आणि डबल किकचा (दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमचा) ठोका न ठोका सुटा ऐकू आला. आधी टोप्या बदलून बघा!

रामबाग, इंदूर
आजोबा, तुमची युक्ती मी खालच्या पट्टीवर केली. जवारी बरीचशी परत आली. डग्गा अजून जड आहे; पट्टी आणखी थोडी खाली घेऊन उद्या पहाटे मारवा पहिल्यापासून लावते.