‘समाधानी आहे’ आणि ‘समाधान झालं’: विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीतले शब्द

(प्रश्नचिन्ह, शब्दमेळ, दशांश, कानामात्रा ही चर्चेतल्या चौघांची टोपणनावं.)

प्रश्नचिन्ह:
विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सत्राअखेर द्यायची प्रश्नावली मराठीत आणायची आहे. शेवटचं विधान असं आहे: ‘या अभ्यासक्रमाच्या दर्जाबाबत मी एकंदरीत समाधानी आहे.’ एका मसुद्यात ‘समाधान’ आहे, दुसऱ्यात ‘संतुष्टी’. पर्याय पाच: अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी. कोणता शब्द घ्यावा?

शब्दमेळ:
‘संतुष्टी’ हिंदीच्या वाटेनं आलीय. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे तोडगा, म्हणून तिथं वेगळा शब्द लागतो. मराठीला ती अडचण नाही. ‘संतुष्ट’ आपलाच, पण ‘असंतुष्ट’ म्हटलं की पक्षातला नाराज गट डोळ्यांपुढे येतो. ‘तृप्ती’ जेवणाच्या ताटाशी किंवा मैफलीशी शोभते, प्रात्यक्षिकाच्या वहीशी नाही. तेव्हा समाधानच.

खरी मेख ‘समाधानी’ या विशेषणात आहे. ‘ती फार समाधानी आहे’ म्हणजे तिचा स्वभाव तसा, थोडक्यात गोड मानणारी. आणि ‘तो असमाधानी आहे’ म्हणजे त्याला काही द्या, कुरकुर ठरलेली. ‘अत्यंत असमाधानी’वर खूण करणाऱ्याला कोर्सला नावं ठेवायची असतात, पण त्या शब्दानं दोष त्याच्याच पदरात पडतो. ‘माझं समाधान झालं नाही’ म्हणा, दोष लगेच कोर्सकडे सरकतो. शिवाय शंकासमाधानातलं ‘समाधान’ इथं जागं होतं: अपेक्षा होती, ती पुरी झाली की नाही. ‘समाधान वाटलं’ हे तिसरंच, त्या घडीची भावना. परीक्षा संपल्याचंही समाधान वाटतंच की!

दशांश:
पटतंय, पण कानाला पटणं पुरेसं नाही, तपासून बघावं. दोन नमुने छापा, फरक फक्त या एका विधानात. एकाच वर्गात आलटूनपालटून वाटा. एका वर्गाला एक, दुसऱ्याला दुसरा असं केलंत तर फरक शब्दाचा की शिक्षकाचा हे कळणार नाही. मग खालच्या दोन पर्यायांवरच्या खुणा मोजा. समजा १००-१०० विद्यार्थ्यांत ‘असमाधानी’च्या बाजूला ८ आणि ‘समाधान झालं नाही’च्या बाजूला १७ आले. दुपटीहून जास्त, म्हणून हुरळून जाऊ नका. एवढ्या नमुन्यात साधारण ९ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. दोन्हीकडे २५० तरी असू द्या.

त्याआधी सहा-सात विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रत्येक विधान त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात.

कानामात्रा:
‘समाधाना’इतकाच घोळ ‘अभ्यासक्रम’ या शब्दाचा आहे. मराठीत तीन वर्षांच्या पदवीलाही अभ्यासक्रम, एका सत्रातल्या एका विषयालाही अभ्यासक्रम, आणि ‘अभ्यासक्रम संपला का?’ यात नेमलेला भागही अभ्यासक्रम. एक जण धड्यांची यादी आठवून उत्तर देतो, दुसरा शिकवणं, तिसरा अख्खी पदवी. नंतर तिघांची सरासरी निघते! ‘या सत्रात शिकलेला हा विषय’ असं लिहा आणि विषयाचं नाव वरच्या ओळीत छापा. शिकवणं, साहित्य, परीक्षा यांना वेगवेगळी विधानं द्या.

शीर्षकही बघा. ‘विद्यार्थ्यांचे मूल्यमापन’ म्हणजे विद्यार्थ्यांनी केलेलं की विद्यार्थ्यांवर केलेलं? षष्ठी दोन्हीकडे चालते. ‘विद्यार्थ्यांनी केलेले विषयाचे मूल्यमापन’ लांबलचक आहे, पण घोटाळा नाही.

तसंच ‘प्रतिसाद चांगला आला’ हे वाक्य अहवालात कधीच नको. पुष्कळ जणांनी फॉर्म भरले की भरणाऱ्यांनी चांगलं लिहिलं? भरलेल्या फॉर्मना प्रतिसाद, त्यातल्या मताला अभिप्राय, एवढी वाटणी केली की भागतं. ‘फीडबॅक’साठीचा ‘प्रत्याभरण’ हा शब्द अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात राहू द्या, फॉर्मवर कुणाला कळत नाही.

दशांश:
‘प्रतिसाद’वरून: वर्गात ६०, फॉर्म भरले १५, त्यातले १२ समाधानी. अहवालात ‘८० टक्के विद्यार्थी समाधानी’ येतं. खरं तर ते उत्तर देणाऱ्यांतले ८० टक्के, वर्गातले २० टक्के. उरलेल्या ४५ जणांचं मत माहीतच नाही. छेद कोणता ते दर वेळी लिहावं.

प्रश्नचिन्ह:
‘तटस्थ’चं काय? की मधला पर्यायच काढावा?

शब्दमेळ:
तटस्थ म्हणजे काठावर उभा, वादात कुणाचीच बाजू न घेणारा. विद्यार्थी मात्र त्या चौकटीत चार वेगळ्या गोष्टी कोंबतो: ठीकठाक होतं, ठरवता येत नाही, मी तासांना बसलोच नाही, आणि सांगायची भीती वाटते. ‘लागू नाही’ ही चौकट श्रेणीच्या बाहेर, थोडं अंतर सोडून द्या. सहमत-असहमत अशी श्रेणी असेल तर मधल्याला ‘धड सहमत नाही, धड असहमत नाही’ म्हणणं बोजड आहे, पण अर्थ नेमका तोच.

‘उत्तम, चांगले, बरे, वाईट’ अशी श्रेणीही सर्रास दिसते. तीन बाजूनं, एक विरोधात. ‘बरे’ तर कुठल्याही बाजूला झुकतं. ‘समाधानकारक’ही टाळा. प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलेलं मूल घरी पेढे मागत नाही.

दशांश:
पाच पायऱ्यांची सहमत-असहमत श्रेणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टच्या १९३२च्या लेखापासूनची. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. तिथंही बरीच वर्षं हीच पद्धत होती. २०२३ मध्ये त्यांनी थेट प्रश्न आणि मधला पर्याय नसलेली चार उत्तरं घेतली. इंग्लंडपुरता तर एकंदर समाधानाचा प्रश्नच वगळला. श्रेणी बदलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना संपते. तुमच्याकडे मागच्या वर्षांचे आकडे असतील तर पायऱ्या बदलण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणि नुसती सरासरी देऊ नका. ४० पैकी २० जणांनी ५ दिले, २० जणांनी १ दिला, तर सरासरी ३. चाळिसांनी ३ दिले तरी ३. पहिल्या वर्गात काहीतरी फाटलंय, दुसऱ्यात सगळे जांभया देताहेत.

कानामात्रा:
‘व’ आणि ‘आणि’ शोधा, सापडला की वाक्य तोडा. ‘उत्तरपत्रिका वेळेवर व उपयुक्त शेऱ्यांसह मिळाल्या’: वेळेवर मिळाल्या, शेरा नव्हता, तर खूण कुठे करायची?

नकारार्थी विधानं जपून. ‘शंका विचारायला वाव नव्हता’ला ‘असहमत’ म्हणजे वाव होता. घाईत हे उलटं पडतं. ठेवायचीच असतील तर बेरजेआधी गुण फिरवा, पाचाच्या श्रेणीत ६ वजा दिलेला गुण. हे विसरलं की विश्वसनीयतेचा आकडा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबाखचा अल्फा, एकदम घसरतो आणि लोक प्रश्नावलीलाच दोष देत बसतात.

‘कामाचा भार योग्य होता’ हेही निकामी. ‘असहमत’ आलं तर जास्त होता की कमी? ‘फारच कमी’पासून ‘फारच जास्त’पर्यंत श्रेणी द्या. इथं चांगलं उत्तर मधलं, म्हणून हा गुण बाकीच्यांच्या बेरजेत मिसळायचा नाही.

प्रश्नचिन्ह:
मग असं केलंय. ‘या विषयाकडून माझी जी अपेक्षा होती, तिच्या मानाने माझे समाधान...’ आणि पर्याय: पूर्ण झाले, बऱ्यापैकी झाले, थोडेच झाले, अजिबात झाले नाही. ‘लागू नाही’ वेगळं.

शब्दमेळ:
‘बऱ्यापैकी’ आणि ‘थोडेच’ यांत अंतर स्पष्ट आहे, छान. ‘माझी जी अपेक्षा होती’ मात्र काढा. ज्याची अपेक्षाच काही नव्हती तो शून्याच्या मानानं पूर्ण समाधान नोंदवेल. ‘या विषयाच्या शिकवण्याने माझे समाधान’ एवढंच पुरे.

दशांश:
हे समाधानाचं विधान पहिल्या क्रमांकावर ठेवू नका, बारीक विधानांनंतर ठेवा. आणि दरवर्षी त्याच जागी.